बंदराचा कमिशनर कोण निवडतो? किंग काउंटीतल्या मराठी मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, सिएटल ज्यात येतं त्या किंग काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आम्ही राहतो. इथे दर विषम वर्षी ऑक्टोबर उजाडला की मतपत्रिका पोस्टाने घरी येते. आमच्याकडे ती चार-पाच दिवस ओट्यावर, बिलांच्या गठ्ठ्याखाली पडून असते. मग एका रात्री जेवणं आटोपली की आम्ही ती उघडतो. शहर, शाळा अशी नावं येतात. त्यांतच कुठेतरी ‘पोर्ट ऑफ सिएटल, कमिशनर, पोझिशन अमुक’ असं लिहिलेलं असतं, आणि पेन तिथे अडतं. त्या रात्री मैत्रिणींचे फोनही सुरू होतात: ‘हे पोर्टवाले कोण गं? कोरं सोडलं तर चालेल का?’ माझं उत्तर दरवेळी एकच असतं, कोरं सोडू नकोस. ते का, हे फोनवर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून इथे नीट लिहिलं आहे.

कमिशनर म्हणजे आयुक्तच ना? मग त्याची निवडणूक कशी काय?

गोंधळ इथूनच सुरू होतो. पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला कमिशनर म्हटलं की महापालिकेचा आयुक्त आठवतो, नाहीतर पोलीस आयुक्त. दोघंही सरकारने नेमलेले, बदलीवर येणारे आणि बदलीवर जाणारे. पोर्ट कमिशनरचं तसं नाही. त्याला मनातल्या मनात ‘बंदराचा नगरसेवक’ म्हणा. पाच जण असतात, लोकांच्या मतांवर निवडून येतात आणि बंदराचं धोरण नि पैसा यांवर त्यांचा शब्द चालतो. आपल्या ओळखीचा आयुक्त इथेही आहे, त्याला एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर म्हणतात. त्याची नेमणूक हे पाच जण करतात.

पोर्ट डिस्ट्रिक्ट म्हणजे काय? हा वेगळा जिल्हा आहे का?

जसा शाळांचा वेगळा डिस्ट्रिक्ट असतो, तसा हा बंदराचा. स्वतंत्र सार्वजनिक संस्था, स्वतःचं अंदाजपत्रक, कर लावण्याचा अधिकार, जमीन घेण्या-विकण्याचा अधिकार, वर स्वतःचं पोलीस दल आणि अग्निशमन दल. सिएटल शहराची ती शाखा नाही आणि काउंटी सरकारचं खातंही नाही. तिची हद्द मात्र अख्खी किंग काउंटी आहे. म्हणून रेडमंड, बेलव्ह्यू, केंट, इसाक्वा, कुठेही राहत असलात तरी हे पाचही कमिशनर तुमचेच. वॉर्ड नसतात, प्रत्येक जागेसाठी सगळी काउंटी मत देते. मुदत चार वर्षांची, पण सगळ्या जागा एकदम रिकाम्या होत नाहीत. एका खेपेला दोन, पुढच्या खेपेला तीन.

वॉशिंग्टन राज्यात असे ७५ पोर्ट डिस्ट्रिक्ट आहेत. बहुतेक ठिकाणी तीनच कमिशनर असतात. कित्येकांच्या हद्दीत समुद्रच नाही. तिथे धान्याची कोठारं, छोटा विमानतळ, उद्योगांसाठी शेड अशी कामं चालतात, तरी नाव पोर्टच.

बंदरासारखी गोष्ट लोकांच्या हातात कशी आली?

या प्रश्नावर मी जरा रेंगाळणार आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिएटलचा किनारा रेल्वे कंपन्यांच्या मुठीत होता. नॉर्दर्न पॅसिफिक आणि ग्रेट नॉर्दर्न यांचे रूळ, त्यांचे धक्के, त्यांची गोदामं. किनाऱ्यालगतच्या रस्त्याचं नावच रेलरोड अ‍ॅव्हेन्यू, लाकडी फळ्यांवर उभारलेला. शेतकऱ्याला सफरचंदं जहाजावर चढवायची असोत की कोळ्याला होडी लावायची असो, धक्का दुसऱ्याचा आणि भाडंही तो म्हणेल ते. पनामा कालवा तयार होत होता, व्यापार वाढणार हे दिसत होतं, आणि बंदर मात्र चार खाजगी मालकांमध्ये तुकड्यातुकड्यांनी वाटलेलं. शेतकरी संघटना, कामगार संघटना आणि सुधारणावादी मंडळींनी मागणी लावून धरली की किनारा सार्वजनिक मालकीचा हवा.

१९११ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने पोर्ट डिस्ट्रिक्टचा कायदा केला. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला किंग काउंटीच्या मतदारांनी पोर्ट ऑफ सिएटलला मंजुरी दिली. पहिले तीन कमिशनर निवडून आले ते असे: लष्करातले निवृत्त अभियंते हायरम चिटेंडन, मोठ्या भांडवलदारांशी उभा दावा मांडणारे रॉबर्ट ब्रिजेस आणि सी. ई. रेम्सबर्ग. आईवडील भारतातून आले की आपण त्यांना बॅलर्ड लॉक्सला (होड्यांना खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात नेणारे कालव्याचे दरवाजे) नेतो, काचेपलीकडून सालमन मासे वर चढताना दाखवतो. त्या लॉक्सना नाव याच चिटेंडन यांचं आहे. दर वेळी तिथे उभं राहून मी आलेल्या पाहुण्यांना ही गोष्ट सांगते. लोकांनी मत देऊन बंदराचे कारभारी केलेल्या पहिल्या तिघांतला एक माणूस हा!

या पहिल्या कमिशनने काय बांधलं ते बघा. १९१४ मध्ये सालमन बे इथे कोळ्यांसाठी फिशरमेन्स टर्मिनल, मग शेतकऱ्यांच्या फळांसाठी शीतगृह, आणि बेल स्ट्रीटच्या धक्क्याच्या गच्चीवर सर्वसामान्यांसाठी बाग. खाजगी मालकाने गच्चीवर बाग कशाला केली असती?

फिशरमेन्स टर्मिनल आजही आहे आणि आजही बंदराच्याच मालकीचं आहे. अलास्काला जाणाऱ्या होड्या हिवाळ्यात तिथे जाळी पसरून दुरुस्तीला बसलेल्या दिसतात. तिथे समुद्रात जीव गमावलेल्या कोळ्यांचं स्मारक आहे, धातूच्या पट्ट्यांवर ओळीने नावं. खाली कुणी ना कुणी फुलं ठेवलेली असतात. मी गेले तेव्हा एका नावासमोर कॉफीचा कागदी कप होता, भरलेला, अजून कोमट.

बंदराचा विमानतळाशी काय संबंध?

सी-टॅक, म्हणजे सिएटल-टॅकोमा विमानतळ, पोर्ट ऑफ सिएटलचाच आहे. दुसऱ्या महायुद्धात जुना विमानतळ लष्कराच्या ताब्यात गेला आणि नवा बांधण्याची जबाबदारी १९४२ मध्ये पोर्टने उचलली. शेजारच्या टॅकोमा शहराने एक लाख डॉलर दिले, म्हणून नावात टॅकोमा आलं. २०२४ मध्ये तिथून ५ कोटींहून जास्त प्रवाशांची ये-जा झाली. सुटीला घरी जाताना तुम्ही ज्या रांगेत उभे राहता ती इमारत, तिथली दुकानं कुणाला भाड्याने द्यायची, टॅक्सी-उबरला किती शुल्क लावायचं, हे ठरवणाऱ्या मंडळाला तुम्ही मत देता.

एक उदाहरण आपल्यासारख्या परदेशातून येणाऱ्यांच्या जवळचं आहे. चेहरा ओळखणारे कॅमेरे विमानतळांवर येऊ लागले तेव्हा, डिसेंबर २०१९ मध्ये, या कमिशनने त्यांच्या वापरासाठी तत्त्वं ठरवली: वापर कारणापुरता हवा, शक्य तिथे ऐच्छिक हवा, माहिती खाजगी राहायला हवी. परदेशी उड्डाणांवरची फेडरल सरकारची तपासणी त्यांच्या अखत्यारीत नाही, पण बंदराच्या स्वतःच्या हातात जेवढं होतं त्यावर त्यांनी उघड बैठकांमध्ये चर्चा करून नियम केले.

मग हे पाच जण रोज बंदर चालवतात का?

नाही. रोजचा कारभार एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर आणि कर्मचारी बघतात. कमिशन अंदाजपत्रक, कर, मोठे भाडेकरार, मोठी बांधकामं आणि धोरणं मंजूर करतं. हे पद पूर्ण वेळच्या नोकरीचं नाही, बरेच जण आपला दुसरा व्यवसाय सांभाळून ते करतात. माझ्या मते हीच यातली कमकुवत बाजू. अब्जावधींच्या कारभारावर अर्धवेळ माणसं देखरेख करतात, म्हणून ती अभ्यासू असणं फार गरजेचं.

२४ ऑगस्ट २०२४ ला पोर्टच्या संगणक यंत्रणेवर हल्ला झाला. विमानतळाचे फलक काळे पडले, काही विमान कंपन्यांनी बोर्डिंग पास हाताने लिहून दिले. हल्लेखोरांनी खंडणी मागितली, पोर्टने ती द्यायला नकार दिला आणि तसं जाहीर सांगितलं. हा कार्यकारी निर्णय होता. यंत्रणा मजबूत करायला पैसा किती द्यायचा, हा प्रश्न मात्र कमिशनसमोर येतो, म्हणजे फिरून तुमच्यासमोर.

आम्हाला समुद्र दिसतही नाही. मग घराच्या करातून पोर्टला पैसे का जातात?

आधी आकडा बघा, म्हणजे राग थोडा निवळेल. घराच्या एकूण करातल्या डॉलरमागे साधारण एक सेंट पोर्टला जातो. कायद्याने पोर्टला सर्वसाधारण कामांसाठी घराच्या दर १,००० डॉलर किमतीमागे ४५ सेंटपर्यंत कर लावता येतो. प्रत्यक्षातली आकारणी त्याच्या बरीच खाली आहे, आणि करापासूनचं उत्पन्न वर्षाला किती वाढवता येईल यावरही राज्याची मर्यादा आहे.

विमानतळ या करावर चालत नाही. विमान कंपन्यांची भाडी, दुकानं, पार्किंग, तिकिटातले साडेचार डॉलरचे प्रवासी शुल्क यांवर तो चालतो. फेडरल नियमांमुळे तिथला पैसा दुसरीकडे वळवताही येत नाही. तुमच्या कराचा पैसा जातो तो बंदराची जुनी कर्जं, धक्क्यांची कामं, दूषित जमीन-पाण्याची सफाई, मासेमारी, नोकऱ्यांचं प्रशिक्षण अशा कामांकडे.

पण प्रश्न रास्त आहे, आणि तो विचारायची जागाही आहे. पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक शरद ऋतूत कमिशनसमोर येतं. हा कर मतदारांना वेगळं न विचारता लावता येतो, त्यामुळे तुमचा ताबा दोनच ठिकाणी: त्या बैठकीत आणि मतपत्रिकेवर.

कंटेनर तर टॅकोमाशी मिळून चालवतात म्हणे?

हो. सिएटल आणि टॅकोमा ही शेजारची बंदरं वर्षानुवर्षं एकमेकांचे भाडेकरू पळवत राहिली. त्यात दोघांचं नुकसान आणि जहाज कंपन्यांची चंगळ. २०१५ मध्ये दोघांनी मालवाहतूक एकत्र केली, नाव नॉर्थवेस्ट सीपोर्ट अलायन्स. दोन्हीकडचे पाच-पाच कमिशनर तिथे बसतात आणि निर्णयाला दोन्ही बाजूंची मंजुरी लागते. विमानतळ आणि क्रूझ जहाजं यात येत नाहीत.

माझ्या एका मताने बंदरात काय फरक पडणार?

दोन गोष्टी सांगते, तुम्हीच ठरवा.

पहिली व्हँकुव्हरची. कॅनडातलं नाही, आपल्याच राज्यात दक्षिणेला कोलंबिया नदीवरचं. तिथल्या पोर्ट कमिशनने २०१३ मध्ये एका मोठ्या तेल टर्मिनलसाठी जागा भाड्याने दिली. आगगाडीने तेल येणार, दिवसाला ३,६०,००० पिंपांपर्यंत, आणि तिथून जहाजांवर चढणार. गावात आगीची, गळतीची धास्ती पसरली. कमिशनर तीनच. २०१५ च्या निवडणुकीत विरोधातला एक जण निवडून आला. २०१७ ला दुसरी जागा आली तेव्हा ती निवडणूक म्हणजे जणू त्या टर्मिनलवरचं सार्वमत झालं. तेल उद्योगाने पैसा ओतला, तरीही मोटार दुरुस्तीचा छोटा व्यवसाय असलेले डॉन ऑरेंज जिंकले. जानेवारी २०१८ मध्ये नव्या कमिशनने करार संपवण्याचं पाऊल उचललं, आणि त्याच महिन्यात गव्हर्नरांनीही प्रकल्प नाकारला. तीनांपैकी दोन माणसं बदलली, एवढंच घडलं होतं.

दुसरी आपल्या घरची. २०१५ च्या सुरुवातीला टर्मिनल ५ ची जागा फॉस मेरिटाइम कंपनीला भाड्याने दिली गेली. तिथे आर्क्टिकमध्ये तेल शोधायला निघालेला शेलचा ताफा मुक्काम करणार होता. करारावर सही कार्यकारी पातळीवर झाली आणि लोकांना बातमी कळली तेव्हा उशीर झालेला होता. उघड चर्चा पुरेशी झालीच नाही, म्हणून बैठकींत लोकांनी रांगा लावून कमिशनरांना जाब विचारला. मे महिन्यात ‘पोलर पायोनियर’ हा समुद्रात तेलविहीर खोदणारा अजस्र तराफा सिएटलसमोरच्या एलियट बेमध्ये आला, आणि १६ मे रोजी शेकडो माणसं छोट्या कयाक होड्या वल्हवत त्याच्यासमोर जमली. त्या सप्टेंबरात शेलने अलास्काजवळचं ते काम सोडलं. त्यामागे शेलची स्वतःची कारणं होती, विहिरीत अपेक्षेइतकं तेल-वायू सापडलं नव्हतं. पण नोव्हेंबरात पर्यावरणाचं काम करणारे फ्रेड फेलमन कमिशनवर निवडून आले, आणि ते मात्र मतदारांचं काम होतं.

बैठकीला जाता येतं का? आम्ही अजून ग्रीन कार्डवर आहोत.

मत फक्त नागरिकाला आहे. बोलण्याला तशी अट नाही. व्हिसावरची मुलगी, पाहुणे आलेले आजोबा, कुणीही बोलू शकतं. बैठका मंगळवारी, दुपारी असतात आणि ऑनलाइनही बघता येतात. आधी नाव नोंदवायचं. प्रत्येकाला दोन मिनिटं मिळतात.

दोन मिनिटं किती लहान असतात ते मला पहिल्यांदा गेले तेव्हा समजलं. घरी मुद्दे मराठीत लिहिले होते, दोन पानं. समोर घड्याळ उलटं चालत होतं आणि मी अजून ‘नमस्कार, मी इतकी वर्षं इथे राहते’ यातच होते. माझ्या आधी एक वयस्क बाई बोलल्या, विमानांच्या मार्गाखाली घर असलेल्या. त्यांच्या हातात फक्त एक वही होती. रात्री झोपमोड झाली की उठून वेळ लिहायची, एवढंच त्या करत आल्या होत्या. त्यांनी एका आठवड्यातल्या वेळा वाचल्या. १२.४०. १.१५. १.५२. ३.३०. बाकी काही बोलल्या नाहीत, वेळ संपायच्या आत खाली बसल्या. एक कमिशनर मान खाली घालून लिहून घेत होते. तेव्हापासून मी कुणालाही हेच सांगते: एकच मुद्दा, तुमच्या डोळ्यांनी पाहिलेला, आणि तुमचं म्हणणं पहिल्या वाक्यात.

दार बंद करून बैठक घेता येते का?

राज्याचा १९७१ चा खुल्या बैठकांचा कायदा आहे. जमिनीच्या किमतीची बोलणी, कोर्टाची प्रकरणं, कर्मचाऱ्यांविषयीचे विषय अशा ठरावीक कारणांसाठीच बंद सत्र चालतं. मतदान मात्र उघड्यावरच व्हावं लागतं.

विमानांच्या आवाजाचं काय करतात?

१९८५ पासून नऊ हजारांहून जास्त घरांना पोर्टने आवाज रोखणाऱ्या खिडक्या-दारं बसवून दिली आहेत. तिसरी धावपट्टी वर्षानुवर्षांच्या कोर्टकचेऱ्यांनंतर २००८ मध्ये सुरू झाली. विमानाने कुठून, किती वाजता उडायचं हे मुख्यतः फेडरल यंत्रणा ठरवते, कमिशनर नाही. उमेदवार ‘मी विमानं थांबवतो’ म्हणाला तर तो तुम्हाला थाप मारतो आहे असं समजा. घरांच्या, शाळांच्या दुरुस्तीला पैसा किती नि किती लवकर, हे मात्र त्याला जरूर विचारा.

पक्षाचं चिन्ह नसतं, मग निवडायचं कसं?

ही निवडणूक पक्षविरहित असते. मतपत्रिकेसोबत माहितीपुस्तिका येते, तीत उमेदवाराचं निवेदन असतं. मी तीन गोष्टी बघते: बंदराबद्दल तो काही ठोस बोलतो की नुसतंच ‘नोकऱ्या आणि पर्यावरण’, देणग्या कुणाकडून आल्या, कारण बंदराचे भाडेकरू आणि कंत्राटदारही देणग्या देऊ शकतात, आणि आधी कमिशनर असेल तर त्याने कुठल्या बाजूने मत दिलं. दोनहून जास्त उमेदवार असले तर ऑगस्टच्या प्राथमिक फेरीतून पहिले दोन पुढे जातात. पाकिटाला तिकीट लागत नाही. ड्रॉप बॉक्समध्ये टाकणार असाल तर मतदानाच्या दिवशी रात्री ८ च्या आत. पाकिटावर सही करायला विसरू नका, सही राहिली की मत अडकतं.

मुंबई बंदरात असं का नाही?

माझे आजोबा मुंबईच्या गोदीत होते. बंदर कोण चालवतं, याचं त्यांच्या लेखी एकच उत्तर: साहेब. मुंबईचा पोर्ट ट्रस्ट १८७३ चा, म्हणजे सिएटलहून ३८ वर्षांनी थोरला. पण त्याची घडण वेगळी. २०२१ च्या मेजर पोर्ट ऑथॉरिटीज कायद्यानंतर मुंबई, जेएनपीए (न्हावा-शेवा), मुरगाव या बंदरांवर मंडळं आहेत. त्यांत केंद्राने नेमलेले अध्यक्ष, राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण, सीमाशुल्क यांचे प्रतिनिधी, स्वतंत्र सदस्य, कामगारांचे प्रतिनिधी असतात. लहान बंदरं महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे. मतदाराने थेट निवडलेला माणूस कुठेही नाही.

त्यामुळे काय होतं ते डहाणूजवळ वाढवणला दिसतं. ७६,२२० कोटींच्या त्या बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, ऑगस्टमध्ये भूमिपूजन झालं. तिथले मच्छीमार कित्येक वर्षं विरोध करत आले आहेत: मोर्चे, न्यायालयं, बंद. बंदर हवं की नको यावर माझ्या-तुमच्या मतांत फरक असेल. पण ज्याच्या होडीसमोर ते उभं राहणार, त्याच्या हातात बंदराच्या मंडळासाठीची मतपत्रिका नाही. तो विचारणार तरी कुणाला?

निवडून आलेले तरी चुकत नाहीत का?

चुकतात. डिसेंबर २००७ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी पोर्ट ऑफ सिएटलच्या बांधकाम व्यवस्थापनावर कडक अहवाल दिला, सुमारे ९.७ कोटी डॉलर नाहक गेले असा त्यांचा निष्कर्ष होता. कमिशनची देखरेख ढिली होती हे त्यातून उघड झालं आणि नंतर नियम घट्ट केले गेले. कमिशनरला मधेच परत बोलावण्याची सोयही राज्याच्या कायद्यात आहे, पण सहज नाही. गैरवर्तनाचे आरोप आधी कोर्टासमोर टिकावे लागतात, मग सह्या, मग मतदान. ‘धोरण पटलं नाही’ एवढ्यावर ते होत नाही, त्यासाठी पुढच्या निवडणुकीची वाट बघायची.

आपल्यापैकी कुणी उभं राहू शकतं का?

काउंटीत राहणारा कुठलाही नोंदणीकृत मतदार. २०२१ मध्ये हमदी मोहम्मद निवडून आल्या, सोमालियातून निर्वासित म्हणून लहानपणी इथे आलेल्या. त्याच वर्षी तोशिको हासेगावा निवडून आल्या, या कमिशनवरच्या पहिल्या जपानी-अमेरिकन बाई. अर्ज मे महिन्यात, एका आठवड्यात भरायचा असतो. आपल्या मंडळाच्या गणपतीत गेल्या वर्षी एक ताई मला म्हणाल्या, ‘मी लॉजिस्टिक्समध्ये वीस वर्षं काढलीत, पण आपल्याला कोण विचारतंय?’ मी त्यांना काउंटीच्या निवडणूक कार्यालयाचं पान फोनवर उघडून दिलं. आरती सुरू झाली तरी त्या एका हाताने टाळी वाजवत दुसऱ्या हाताने ते वाचत होत्या.